पांढरीचा चाळीस किलोमीटरचा पेपर

आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी. हे मी दर दुसऱ्या वाक्याला सांगते अशी नवऱ्याची तक्रार आहे. पण त्याच्याकडे आजोबांपासून सगळे शिकलेले, त्याला यातली मजा कळायची नाही. माझ्या आजोबांचा कल्याणात टांगा होता. रिक्षा आल्या तसा टांगा गेला, घोडा राहिला, आणि बाबांनी वरातीचा धंदा सुरू केला. मी शिकले आणि जनावरांची डॉक्टर झाले. "एवढं शिकून शेवटी घोड्याच्याच मागे उभी राहिलीस," असं आत्या म्हणाली. मी म्हटलं, "आत्या, मागे उभं राहायचं नसतं, लाथ बसते. हेच शिकले चार-पाच वर्षं."

खरं तर घोडे माझ्याकडे येतच नाहीत. मी ठाण्यात कोलशेतला एका क्लिनिकमध्ये बसते आणि माझे बहुतेक पेशंट टॉवरमध्ये वरच्या मजल्यांवर राहतात. लाडाने फुगलेले लॅब्राडोर, रुसलेल्या मांजरी. घोडा काही लिफ्टमध्ये मावत नाही. घोडा पाहायचा तर मला माहेरी यावं लागतं, गांधारीच्या पुलाच्या अलीकडे, बाबांच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

तिथे आमची पांढरी असते. वरातीच्या कामात पांढरी म्हणजे एकदम सीनियर. फटाके वाजोत, बँडवाल्याचा ट्रम्पेट कानात शिरो, नवरदेवाच्या मांडीवर बसवलेलं भाचरू तिची आयाळ उपटो, तिला काही फरक पडत नाही. दहा पावलं चालायचं आणि थांबायचं, कारण पुढे पोरं नाचत असतात. नाच संपला की पुन्हा दहा पावलं. या हिशेबाने हॉलपर्यंतचं अर्धा किलोमीटर अंतर ती दोन तासांत कापते. अशा घोडीला चाळीस किलोमीटरच्या शर्यतीत उतरवायचं हे बाबांच्या डोक्यात आलं, आणि तेही एका लग्नातच.

झालं असं, की एका वरातीत नवरदेव घोडीवर चक्क ताठ बसला. बाबांनी आयुष्यात शेकडो नवरदेव चढवले, उतरवले, दोघे-तिघे पडताना झेलले, पण लगाम नीट धरलेला नवरदेव त्यांनी पहिल्यांदा पाहिला. चौकशी केली तर कळलं, हा खडवलीकडे नदीकाठी एका फार्मवर घोडेस्वारी करतो. वरात हॉलवर पोचेपर्यंत त्या दोघांच्या एवढ्या गप्पा झाल्या, की नवरीकडची माणसं हार घेऊन ताटकळली. त्या फार्मवाल्यांची दरवर्षी पौषात एंड्युरन्सची राइड असते. एंड्युरन्स म्हणजे नुसतं पळणं नाही. लांबचं अंतर, मध्ये मध्ये डॉक्टर थांबवून घोडा तपासतात, ठोके मोजतात, चालवून बघतात. घोडा थकलेला, लंगडा, आजारी दिसला की बाहेर. ठरलेल्या वेळेत घोडा धडधाकट घेऊन आलात, की सर्टिफिकेट.

त्या शेवटच्या शब्दाने बाबांचं काम झालं.

"सर्टिफिकेट माझ्या नावाचं की घोडीच्या?" त्यांनी मला फोनवर विचारलं.

"तुमच्या. स्वाराच्या."

"छापलेलं असतं ना? नुसतं हाताने लिहिलेलं नको."

बाबा सातवीतून बाहेर पडले. आमच्या हॉलमध्ये माझी पदवी चौकटीत लावलेली आहे आणि येणाऱ्या प्रत्येकाला ती दाखवली जाते, गॅस सिलिंडरवाल्यालासुद्धा. बाबांना तिच्या शेजारी आणखी एक चौकट हवी होती, स्वतःच्या नावाची. हे ते तोंडाने बोलले नाहीत. पण पौषात लग्नं नसतात, घोडी मोकळी असते, राइड जवळच आहे, अशी बाकीची इतकी कारणं त्यांनी दिली, की खरं कारण आपोआप कळलं.

दिवाळीनंतर तयारी सुरू झाली. मी येऊन पांढरीला तपासलं, आणि बाबांना नीट समजावून सांगितलं, की रोज थोडं थोडं अंतर वाढवायचं, चंदी, म्हणजे दाणे, हळूहळू वाढवायची, आणि एकही दिवस घोडी बांधून ठेवायची नाही. पहाटे बाबा तिला गांधारीच्या बाजूने नदीकाठच्या रस्त्याने न्यायचे. पहिल्या आठवड्यात पांढरी दहा पावलं गेली की थांबायची आणि नाचणाऱ्यांची वाट बघायची. बाबा वर बसून म्हणायचे, "अगं चल, कोणी नाचत नाहीये." मग एकदा वाटेत कोणाच्या तरी हळदीचा डीजे सुरू झाला आणि बाईसाहेब वळून थेट मांडवात. हळदीची मंडळी खूश झाली. बाबांनाही हळद लागली. पण पौष लागेपर्यंत ती दुडक्या चालीने लांबपर्यंत जाऊन धापा न टाकता परत यायला लागली. बाबांचं पोट आत गेलं. आई म्हणायची, "राइड होवो न होवो, तेवढं तरी झालं."

राइड संक्रांतीच्या आठवड्यातल्या रविवारी होती. त्या आठवड्यात मला कल्याणला जाता आलं नाही. फोनवर रोज विचारायचे, "बाबा, पांढरी कशी आहे?" ते म्हणायचे, "एकदम फ्रेश." फ्रेश हा शब्द मला तेव्हा आवडला होता.

रविवारी सकाळी मी नवऱ्याची गाडी घेऊन खडवलीला गेलेले. तिथे सगळी शिकलेली, गुळगुळीत बुटांची माणसं, त्यांचे उंच काळे-तांबडे घोडे, आणि मध्ये आमची पांढरी, कपाळावर आईने लावलेलं कुंकू. बाबांनी नवीन ट्रॅकपँट घातलेली आणि वर फार्मवाल्यांचं हेल्मेट. आई टेम्पोतून आलेली, सोबत शेजारच्या काकू, डबे, सतरंजी, जणू पिकनिक. राइडचे मुख्य डॉक्टर ठाण्याचे, माझ्या वडिलांच्याच वयाचे, फार सभ्य बोलणारे. त्यांनी पांढरीला तपासलं आणि म्हणाले, "घोडी अतिशय उत्साही दिसते आहे."

होतीच. एका जागी उभी राहत नव्हती, कान टवकारलेले, नाकपुड्या फुललेल्या. मला काहीतरी खटकलं, पण एवढ्या अनोळखी घोड्यांत असेल, असं वाटलं. झेंडा पडला आणि वरातीची आमची घोडी अशी सुटली, की काकू ओरडल्या, "अगो बाई, हिला कोणी सांगितलं का नाही पुढं मांडव नाहीये म्हणून!"

अर्धा तास झाला नसेल, फार्मवाल्यांचा माणूस बाइकवरून आला. "पांढऱ्या घोडीवाल्यांचं कोण आहे?"

नदीकडच्या वाटेवर, एका बाभळीखाली पांढरी उभी होती. उभी म्हणजे खिळलेली. मागचे पाय आखडलेले, अंगातून घामाच्या धारा, आणि श्वास भराभर. बाबा लगाम धरून तिला पुढे ओढत होते.

"गोळा आलाय पायात," ते मला बघून म्हणाले. "चालवली की मोकळी होईल."

मी तिच्या पुठ्ठ्यावर, मागच्या मांडीच्या वरच्या भागावर, हात ठेवला. लाकूड. सागाची फळी असते ना, तशी.

"बाबा, लगाम सोडा. एक पाऊल चालवायचं नाही तिला."

"अगं, आपल्याला नाही का गोळा येत? चाललं की जातो."

"हा गोळा नाहीये. तिचे स्नायू आतून फुटतायत. चालवलंत तर आणखी फुटतील."

"वेळ जातोय इथे," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "पहिला टप्पा तरी होऊ दे. तिथपर्यंत हळूहळू नेतो."

मी त्यांच्या हातातून लगाम काढून घेतला. माझ्या आयुष्यात मी असं कधी केलं नव्हतं. वडील म्हणून म्हणा, घोडेवाला म्हणून म्हणा, त्यांच्या हातातला लगाम कोणी काढून घेत नाही. तेवढ्यात पांढरीने पाय फाकवले आणि मुतली, आणि आम्ही दोघांनी खाली बघितलं. कोऱ्या चहासारखी लघवी होती.

"रक्त?" बाबांनी विचारलं.

"रक्त नाही. स्नायूंमधला लाल रंग. स्नायू फुटले की तो रक्तात उतरतो आणि किडनीतून बाहेर पडतो. जास्त झाला तर किडनीच बंद पडते."

बाबांनी हेल्मेट काढलं. "मग काय ते लवकर कर," म्हणाले. राइडचं पुन्हा नाव काढलं नाही.

डॉक्टर सर गाडी घेऊन आले. मी आणि त्यांनी मिळून सलाईन लावलं, बाटल्या बाभळीला टांगल्या, काट्यांनी आमचे दोघांचे हात ओरबाडले. आधी शरीरात पाणी जाऊ द्यायचं, मग दुखणं कमी करणारं औषध, कारण कोरड्या किडनीवर ते औषध उलटतं. आई टेम्पोतली गोधडी घेऊन धावत आली आणि पांढरीच्या पाठीवर टाकली. काकू पंखा घालायला लागल्या. मग दोघींत वाद, की पेशंटला ऊब द्यायची की वारा.

"याला पूर्वी सोमवारचा आजार म्हणत," सरांनी बाबांना समजावलं. "परदेशात गाड्या ओढणाऱ्या घोड्यांना रविवारी सुट्टी असे, पण चंदी मात्र पूर्ण. सोमवारी जुंपले, की असे व्हायचे."

"पण सर, आज तर रविवार आहे," बाबा म्हणाले.

सर हसले नाहीत. सभ्य माणूस. त्यांनी विचारलं, "मागचे काही दिवस घोडी चालवली होती का?"

बाबांनी आईकडे बघितलं. आईने काकूंकडे बघितलं. काकू पंखा घालत राहिल्या.

हळूहळू बाहेर आलं ते असं. भोगीपासून पांढरीला शेडच्या बाहेर काढलंच नव्हतं. एकदम फुल रेस्ट. चंदी दुप्पट. भोगीला तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, संक्रांतीला तिळगूळ, आणि शनिवारी आईचं हळदीकुंकू. त्या हळदीकुंकवाला वाडीतल्या यच्चयावत बायका आल्या आणि आल्या तशा शेडमध्येही गेल्या. उद्या शर्यत आहे हिची, म्हणून प्रत्येकीने मूठमूठ चणे आणि गूळ चारला. कोणी दहीसाखर दिली.

"घोड्याला दहीसाखर?"

"तुला दिली होती ना," आई म्हणाली. "बारावीला. तुझ्या वेळेला आठवडाभर आम्ही तुला ताट उचलू दिलं होतं का? टीव्हीला चादर गुंडाळून ठेवलेली. तू नुसती बसून होतीस आणि आम्ही तूप वाढत होतो. झालीस ना पास?"

"आम्हाला परीक्षेचं तेवढंच माहिती," बाबा म्हणाले.

आमच्या घराला परीक्षेचा एकच अनुभव होता, तो माझा, आणि तो यशस्वी झाला होता. लोकांनी सिद्ध झालेला उपाय वापरला. फक्त मी बसल्या जागी तीन तास लिहिलं होतं, आणि पांढरीला पळायचं होतं. कामाची सवय झालेले स्नायू भरपूर दाण्यांवर दिवस न् दिवस बसून राहिले, आणि मग एकदम जोरात जुंपले, की काही घोड्यांचं असं होतं. घोड्यांपेक्षा घोडीचं, आणि त्यातही तापट, उतावळ्या घोडीचं जास्त. असंच का होतं, याचं सगळं उत्तर शास्त्राजवळही नाही. पण रोजचं काम आणि बेताची चंदी, एवढं पक्कं सांगता येतं. ते मी सांगितलंही होतं. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी कोणी पोरीला कामाला लावतं का?

स्नायू किती फुटलेत हे सांगणारा सीपीके बघायला रक्त तपासायला हवं होतं आणि रविवारी जनावरांची लॅब बंद. डोंबिवलीतल्या माणसांच्या एका पॅथॉलॉजीत माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचा भाऊ होता. नवऱ्याला गाडी घेऊन पिटाळलं, तो माझ्या मागून ट्रेनने आलेला, आल्या पावली परत गेला. दोन तासांत मला फोन आला. मैत्रिणीचा भाऊ जेवायला गेलेला आणि त्याच्या जागी कोणी नवीन मुलगी होती.

"मॅडम, पेशंटचं आडनाव लिहिलेलं नाहीये."

"नाहीये आडनाव."

"वय नऊ, फीमेल. मॅडम, सीपीके एवढा आलाय, की मशीनने घेतला नाही, डायल्यूट करून परत लावला. मुलीला लगेच अॅडमिट करा. तिला उभं राहता येतंय का?"

"उभीच आहे सकाळपासून. चारही पायांवर."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग हळूच, "चारही?"

संध्याकाळच्या आत पांढरीची लघवी फिकी झाली. मग आणखी फिकी. एकदा तर आई, बाबा, काकू, फार्मवरची दोन पोरं आणि मी, सगळे अर्धगोल करून उभे आणि पांढरीच्या मागे काकूंचा रिकामा डबा धरलेला. ती मुतेना. एवढ्या लोकांसमोर कोण मुतेल? शेवटी सगळ्यांनी पाठ फिरवली तेव्हा जमलं. डब्यात लिंबू सरबतासारखं काहीतरी बघून बाबा सतरंजीवर बसले आणि पहिल्यांदा पाणी मागितलं. "तो डबा आता तुलाच," काकू आईला म्हणाल्या.

त्यानंतर कितीतरी आठवडे पांढरी घरी. सुरुवातीला नुसतं उभं राहणं, मग शेडभोवती चालणं, मग रस्ता. चंदी बंद, हिरवा चारा आणि वरून थोडं तेल. मी रक्ताचे रिपोर्ट पाहिल्याशिवाय पुढची पायरी चढू देत नव्हते. पौष संपला आणि मुहूर्त सुरू झाले, तेव्हा बाबांनी बुकिंगं दुसऱ्या घोडीवर ढकलली. लोक विचारायचे, "पांढरी कुठे?" बाबा सांगायचे, "रजेवर. मेडिकल."

पुढच्या वर्षी ते पुन्हा राइडला उतरले. मी म्हटलं होतं, नको. घोडी तयार होती, रिपोर्ट स्वच्छ होते, पण एकदा हा त्रास झालेल्या घोडीला तो पुन्हा होऊ शकतो. बाबा म्हणाले, "तू सांगशील तसं करतो. अक्षर न् अक्षर." आणि केलं. संक्रांतीलाही फिरवून आणलं. हळदीकुंकवाच्या दिवशी शेडला कुलूप, किल्ली बाबांच्या करदोट्याला. काकू दारावरूनच तिळगूळ दाखवून गेल्या.

झेंडा पडला. पांढरी शांतपणे निघाली, सगळ्यांच्या मागून. पहिल्या तपासणीला आली, ठोके उत्तम. दुसऱ्या टप्प्याला गेली, आणि मग येईचना. एक एक घोडा परत आला. जेवणं सुरू झाली. आई वाटेकडे डोळे लावून बसलेली. मी बाइकवाल्या माणसाला पाठवणार तेवढ्यात लांबवर पांढरं दिसलं. दुडक्या चालीत, मान वर, कान पुढे. वर बाबा, घामाने चिंब.

"वेळ संपून गेली हो," शेवटच्या रेषेच्या दोरीपाशी उभा असलेला माणूस म्हणाला.

सरांनी तरीही तपासलं. ठोके मोजले, हिरड्या पाहिल्या, पाठीवरून हात फिरवला, पळवून बघितलं. "घोडी उत्कृष्ट आहे," म्हणाले. "आज तपासलेल्या घोड्यांत हिची अवस्था सगळ्यात चांगली म्हणेन मी. पण तुम्ही उशिरा पोचलात. नियमाने मला सर्टिफिकेट देता येणार नाही."

"एवढा वेळ कुठे गेला?" आईने विचारलं.

"उतरून बघत होतो," बाबा म्हणाले.

"काय बघत होतात?"

"तेच. पुठ्ठा. थोडं गेलो की उतरायचो, हात लावायचो, मग चढायचो. वाटायचं, जरा आखडल्यासारखा लागतोय. नसायचा. पण पुढे गेलं की परत वाटायचं."

मी सरांकडे वळले. मी हुज्जत घालायला कधी लाजत नाही. म्हटलं, "सर, ज्या राइडमध्ये घोड्याची काळजी हाच मुद्दा आहे, तिथे काळजीत वेळ गेला म्हणून बाद?" सर अवघडले. नियम, नियम म्हणू लागले. बाबांनी माझं मनगट धरलं.

"वशिला लावू नकोस," म्हणाले. मग सरांना, "घोडी पास ना, साहेब?"

"घोडी पास."

"आणि मी नापास."

"आता, तांत्रिकदृष्ट्या म्हणायचं तर..."

"चालेल की. आमच्या घरात पोरी पास होतात." ते हेल्मेट काढून फार्मवाल्यांना देत म्हणाले, "पुढच्या पौषात परत बसतो."

मग त्यांनी पोटाखालचा तंग सैल केला, खोगीर उतरवलं, आणि पांढरीच्या पुठ्ठ्यावर हात ठेवून मला, डॉक्टरला, बोलावलं. "ये, बघ. मऊ आहे."

मी हात लावून बघितला. मऊ होता.